मेंदू खुला, हेड बंद: एका ओपन प्रिंटरचं प्रकरण

दुरुस्तीच्या टेबलावर आलेला तो इंक टँक प्रिंटर तसा धडधाकट होता. बेल्ट ताणलेला, रोलरचं रबर अजून खरखरीत. मालकाने आदल्याच आठवड्यात काढलेलं नोझल चेकचं, म्हणजे शाईची सगळी भोकं चालतात का ते दाखवणारं, पानही सोबत होतं आणि त्यावरची एकही रेघ तुटलेली नव्हती. तरी दोन दिवे आळीपाळीने मिचमिचत होते आणि यंत्र कागद ओढायला तयार नव्हतं. हेड, म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग, साफ करताना जी शाई बाहेर टाकली जाते ती तळाच्या फेल्टच्या पॅडमध्ये मुरते. किती शाई मुरली असेल याचा हिशोब फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच भरलेला प्रोग्रॅम, आतल्या आत ठेवतं, आणि आकडा ठरलेल्या मर्यादेला पोचला की छपाई बंद करतं. पॅड बदलायला मला वीस मिनिटं लागली. पण आकडा शून्यावर आणायचं सॉफ्टवेअर कंपनीच्या सेवा केंद्रापुरतंच असतं. आपल्याकडच्या दुकानांत यावर सर्रास 'रिसेटर मारतात', म्हणजे कुठून तरी हाती लागलेल्या, आत काय दडलंय हे ठाऊक नसलेल्या प्रोग्रॅमने तो आकडा पुसतात. मीही तेच केलं, कारण समोर उभ्या माणसाचं झेरॉक्सचं दुकान दोन दिवस अडलं होतं.

जाताना त्याने विचारलं, "आपल्याच मशीनमधला आकडा आपल्याला का पुसता येत नाही?" या प्रश्नाचं सरळ उत्तर म्हणजे ज्याचं सर्किट, फर्मवेअर आणि सुट्या भागांची रेखाटनं सगळ्यांना उपलब्ध आहेत असा प्रिंटर. तसा प्रिंटर घरोघरी का दिसत नाही हे समजून घ्यायला एक ताजं उदाहरण फार उपयोगी पडतं, म्हणून हे टिपण.

सप्टेंबर २०२५ मध्ये पॅरिसच्या 'ओपन टूल्स' नावाच्या छोट्या चमूने क्राउड सप्लाय या लोकवर्गणीच्या मंचावर आपला 'ओपन प्रिंटर' मांडला. रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू हा छोटा संगणक त्याचा मेंदू. छपाईला इंकजेट कार्ट्रिज. कागद सुटाही चालतो आणि गुंडाळीचाही, गुंडाळी कापायला आतच कटर. कार्ट्रिजला कुलूप नाही, शाई भरून पुन्हा वापरा, मोडलेला भाग स्वतः बदला, असं त्यांचं म्हणणं. बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला. मग तपशिलात 'एचपी ६३, युरोपात एचपी ३०२' ही ओळ दिसली आणि मी तिथेच थांबलो. कंपन्यांच्या कुलपांतून सुटायला निघालेल्या यंत्राच्या पोटात सगळ्यात मोठ्या प्रिंटर कंपनीचंच कार्ट्रिज आहे. चमूवर टीका करण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच निवडलं असतं, आणि का, हे सांगण्यासारखं आहे.

थ्रीडी प्रिंटर सुटला, कागदाचा राहिला

लोकांना कोडं पडतं ते असं. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये खुल्या थ्रीडी प्रिंटरचा रेपरॅप प्रकल्प सुरू केला. २००९ मध्ये वितळलेल्या प्लॅस्टिकच्या थरांनी वस्तू घडवण्याचं स्ट्रॅटासिस कंपनीचं मूळ पेटंट संपलं आणि काही वर्षांतच थ्रीडी प्रिंटर इंजिनिअरिंग कॉलेजांत, पुढे शाळांत पोचले. प्लॅस्टिकची वस्तू घडवणारं यंत्र घरी जोडता येतं, मग कागदावर चार ओळी काढणारं का नाही?

फरक आहे नोझलमध्ये. थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं नोझल म्हणजे पितळेचा तुकडा आणि त्याला ०.४ मिलिमीटरचं एक भोक. चांगला लेथवाला ते करून देईल. इंकजेटच्या हेडमध्ये केसापेक्षा बारीक अशी शेकडो भोकं रांगांमध्ये असतात. प्रत्येकामागे शाईची इवलीशी खोली आणि, एचपी-कॅननच्या पद्धतीत, त्या खोलीत सिलिकॉनवर चढवलेला पातळ थराचा हीटर. काही मायक्रोसेकंद वीज दिली की शाईत वाफेचा बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर उडतो. कॅननमध्ये तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला लागून शाई उडाली आणि त्यातून ही कल्पना सुचली, ही १९७७ ची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. त्याच सुमारास एचपीतही स्वतंत्रपणे हाच शोध लागला आणि १९८४ मध्ये त्यांचा थिंकजेट बाजारात आला: १२ नोझल, इंचाला ९६ ठिपके, आणि हेड कार्ट्रिजमध्येच, शाई संपली की हेडसकट टाकून द्यायचं.

त्या काळची पेटंटं केव्हाच संपली आहेत. म्हणजे कायद्याने तुम्हाला थिंकजेटसारखं हेड बनवायला आज कुणी अडवणार नाही. अडवतो तो कारखाना. हेड करायचं तर चिप बनवण्याची साधनं लागतात: स्वच्छ खोली, फोटोलिथोग्राफी, पातळ थर चढवण्याची यंत्रं. वर शाईचं रसायन, कारण हीटरवर करपून थर न धरणारी, नोझलमध्ये लगेच न सुकणारी आणि कागदावर मात्र चटकन सुकणारी शाई मुद्दाम बसवावी लागते. पेटंट संपलं की आकृत्या उघड होतात, पण कारखान्यातला सराव त्यांत लिहिलेला नसतो.

मग उरतात तीन वाटा. पहिली, औद्योगिक हेड विकत घेणं. आपल्याकडच्या फ्लेक्सवाल्यांना हे नवं नाही. बॅनर छापणाऱ्या मशीनला ते 'कोनिकाची मशीन' म्हणतात ते आतल्या हेडवरूनच, आणि हेड गेलं की नवं आणून बसवतात. पण असं एकेक हेड घरच्या अख्ख्या प्रिंटरपेक्षा कितीतरी महाग पडतं. दुसरी वाट लेझरची. तिथे ड्रमला उच्च व्होल्टेजचा विद्युतभार, फिरत्या आरशावरून नेमका टिपलेला किरण, आणि टोनर वितळवायला दोनशे अंशांच्या घरात तापणारा रोलर. घरी जोडायच्या किटमध्ये मी हे कुणाच्या हाती द्यायला धजणार नाही. तिसरी वाट म्हणजे ज्यात हेड आयतं बसलेलं आहे असं दुकानात मिळणारं कार्ट्रिज. ओपन टूल्सने ही घेतली. हिच्यात मोठी सोय आहे: हेड चोंदलं, जळलं, तर कार्ट्रिज बदला, हेड नवं. छोट्या चमूला हेडच्या आयुष्याची हमी द्यावी लागत नाही.

आणखी एक जुनी वाट आहे, सुयांची. डॉट मॅट्रिक्सचं हेड म्हणजे सोलेनॉइड आणि तारा, कुशल कारागीर ते खरोखर घडवू शकतो. पण त्याचा आवाज आणि इंचाला मिळणारे ठिपके आज कुणी स्वीकारणार नाही. 'खुलं' आणि 'चांगलं छापणारं' यांची ओढाताण तिथेच सुरू होते.

बारा नोझल आणि 'कर्तृत्वं'

ही ओढाताण मराठी अक्षरांत मोजून बघण्यासारखी आहे. २०११ च्या सुमारास अर्डुइनो या छंदी लोकांच्या छोट्या खुल्या सर्किट बोर्डावर बसणारं 'इंकशील्ड' नावाचं बोर्ड आलं. ते एचपीचं सी६६०२ हे जुन्या पद्धतीचं साधं कार्ट्रिज चालवायचं. १२ नोझल, इंचाला ९६ ठिपके, थिंकजेटचंच गणित. छंदी लोकांनी त्याच्यावर भरपूर प्रयोग केले, कारण त्यात लपवाछपवी नाही: प्रत्येक नोझलला स्वतंत्र तार, एक सामाईक तार, झालं.

आता हिशोब करू. १२ भागिले ९६, म्हणजे एका फेरीत एक अष्टमांश इंच उंचीचा पट्टा छापला जातो, सुमारे ३.२ मिलिमीटर. टाइपाच्या भाषेत हे नऊ पॉइंट झाले. बारा पॉइंटच्या ओळीला १६ ठिपके उंची लागते. इंग्रजीचा बराचसा मजकूर तरीही एका पट्ट्यात मावतो, कारण लहान अक्षरांचं धड ओळीच्या मधल्या भागात असतं. आपलं 'कर्तृत्वं' घ्या. वर रफार, त्याच ओळीत अनुस्वार, मध्ये शिरोरेघ आणि जोडाक्षर, खाली ऋकार. हा शब्द एका पट्ट्यात बसत नाही. ऋकार दुसऱ्या फेरीत जातो. मधल्या वेळात कागद जरा जास्त सरकला की अक्षर आणि ऋकार यांच्यात पांढरी चीर पडते, कमी सरकला तर दोघं एकमेकांत घुसतात. त्यातून इंचाला ९६ ठिपक्यांत अनुस्वार म्हणजे दोन बाय दोन ठिपके. एक नोझल चोंदलं की 'संत' चा 'सत' व्हायला वेळ लागत नाही. देवनागरीला बारीक ठिपका आणि अचूक सरकणारा कागद दोन्ही लागतं, हे नऊ सुयांच्या प्रिंटरवर मराठी वाचलेल्या पिढीला वेगळं सांगायला नको. म्हणून सी६६०२ सारख्या पूर्ण समजलेल्या कार्ट्रिजवर समाधान मानून चालत नाही.

एचपी ४५ या कार्ट्रिजमध्ये ३०० नोझल आहेत आणि ते इंचाला ६०० ठिपके देतं. एका फेरीत अर्धा इंच. ए४ पानाला ९४ च्या जागी २४ फेऱ्या. पण तीनशे नोझलना तीनशे तारा जोडता येत नाहीत. ओळी आणि रकान्यांच्या जाळीने नोझल निवडावं लागतं. त्या जाळीचा नकाशा छंदी मंडळींनी चिकाटीने मोजून काढला, आणि त्यावर भुकटीवर छापणारे खुले थ्रीडी प्रिंटर उभे राहिले. ६३ आणि ३०२ ही त्याहून नव्या पिढीची. हेडच्या चिपमध्येच बरंचसं तर्कशास्त्र असतं आणि कंपनी तिची माहितीपत्रकं जाहीर करत नाही. तिच्याशी बोलायचं तर मूळ प्रिंटर चालू ठेवून संपर्कबिंदूंवरचे इशारे टिपायचे आणि त्यांतून भाषा उलगडायची, हेच हाती उरतं. या कामाचं श्रेय सहसा कुणी देत नाही. मला ते सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

ऐंशी मायक्रोसेकंदांची शिस्त

सॉफ्टवेअरची बाजू मात्र सुखाची आहे. पानाचे ठिपके करणारं घोस्टस्क्रिप्ट १९८८ पासून आहे, छपाईची रांग सांभाळणारं कप्स १९९९ पासून. दोन्ही खुली. पायसारख्या छोट्या संगणकावर ती आरामात चालतात आणि फोनला, लॅपटॉपला हा प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय दिसू शकतो.

अडचण त्यानंतरची. समजा कॅरेज, म्हणजे हेड घेऊन धावणारा भाग, सेकंदाला २० इंच धावतंय आणि इंचाला ६०० ठिपके हवेत. म्हणजे सेकंदाला १२,००० उभे रकाने, एका रकान्याला सुमारे ८३ मायक्रोसेकंद. पायवरची लिनक्स ही प्रणाली मधेच वायफायकडे बघायला गेली आणि काही मिलिसेकंद उशीर झाला, तर डझनावारी रकाने निसटतात. म्हणून थेंब उडवण्याचं काम मायक्रोकंट्रोलर या एकाच कामाला वाहिलेल्या वेगळ्या चिपकडे द्यावं लागतं, आणि तो घड्याळाकडे न बघता कॅरेजमागच्या पारदर्शक एन्कोडर पट्टीवरच्या बारीक रेघा मोजतो. कॅरेज जरा अडखळलं तरी ठिपका जागेवरच पडतो. याच जागी एक धोकाही आहे. नोझलच्या हीटरला वीज काही मायक्रोसेकंदच सोसते. प्रोग्रॅम अडकला आणि तार चालूच राहिली तर हीटर क्षणात जातो. त्यामुळे वेळ संपताच वीज तोडणारं सर्किट प्रोग्रॅमवर विसंबून न राहता हार्डवेअरमध्येच हवं. प्रयोगात हेड जाळलेल्या बहुतेकांची चूक इथेच होते.

कागद, रबर आणि पावसाळा

प्रिंटर म्हणजे शाईचं यंत्र असं आपण समजतो. दुरुस्ती करणाऱ्याला विचारा, तो म्हणेल कागदाचं. गठ्ठ्यातून नेमका एक कागद उचलणं ही या यंत्रातली सगळ्यात हलकी समजली जाणारी आणि सगळ्यात छळणारी गोष्ट. वरून पिकअप रोलर, खालून सेपरेशन पॅड. रोलरची कागदावरची पकड पॅडच्या पकडीपेक्षा जास्त हवी आणि पॅडची पकड दोन कागदांच्या आपसातल्या घर्षणापेक्षा जास्त हवी. या तीन घर्षणांचा क्रम टिकला तर वरचा कागद पुढे जातो आणि खालचा पॅडवर अडतो. रोलरवर कागदाचा भुगा बसला की क्रम मोडतो आणि कागद घसरतो. पावसाळ्यात कागद दमट होऊन एकमेकांना चिकटला की पुन्हा मोडतो आणि तीन कागद एकदम येतात. जूनमध्ये दुकानात 'पेपर घेत नाही' आणि 'डबल पेपर येतो' अशा तक्रारींची रांग लागते ती यामुळे. रबराचं मिश्रण, त्याची कठिणता, स्प्रिंगचा दाब, पॅडचा उतार हे सगळं कंपन्यांनी दशकानुदशकं घासून बसवलेलं आहे. ते कुठल्याच रेखाटनात दिसत नाही आणि थ्रीडी प्रिंटरवर छापूनही मिळत नाही.

ओपन प्रिंटरने गुंडाळीचा कागद घेतला यामागचं शहाणपण इथे कळतं. गुंडाळीत 'एकच कागद उचल' हा प्रश्नच नसतो. बदल्यात कागदाचा बाक येतो आणि कटर येतो, पण ते दोन्ही सुटण्यासारखे प्रश्न आहेत. शिवाय लांबच लांब पट्टी छापता येते. शाळेच्या भिंतीवर लावायला अख्खी कालरेषा एका कागदावर काढण्याची कल्पना मला फार आवडली.

कागद उचलल्यावर तो सरकवायचा. इंचाला ६०० ठिपके म्हणजे एक ठिपका ०.०४२ मिलिमीटर. साध्या ८० ग्रॅमच्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपण कागदाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी अंतराबद्दल बोलतोय, आणि चूक त्याच्याही अर्ध्यात ठेवायची. मोटर तेवढी बारीक पावलं टाकते. पण रोलरचा व्यास किंचित चुकला, आस जराशी वाकडी असली, की प्रत्येक फेरीला तेवढीच चूक होते आणि पानभर पट्टे दिसतात. इथे अचूक घासलेला रोलर लागतो. जुन्या प्रिंटरमधून काढलेला रोलर हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त आणि खरंच चांगला उपाय आहे. भंगारवाल्याकडे असे रोलर किलोवर मिळतात.

नोझल सुकू नये म्हणून कॅरेज विसावतं तिथे रबराची टोपी, पुसणारी पट्टी आणि अधूनमधून थेंब टाकायची जागा लागते. हेड बदलण्याजोगं असल्याने ओपन प्रिंटरसारख्या रचनेत हे थोडं साधं ठेवता येतं. आणि शाई मुरण्याच्या पॅडचा आकडा मालकाला दिसेल, पुसताही येईल.

किंमत आणि परवाना

बाजारातला स्वस्त प्रिंटर स्वस्त का, हे उघड गुपित आहे: यंत्रावर सोसलेला तोटा शाईवर भरून काढतात. म्हणून तर सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या अनेक प्रिंटरांनी इतरांची कार्ट्रिज अचानक नाकारली आणि त्यावर मोठं वादळ उठलं. अडवणूक प्रिंटरच्या फर्मवेअरमध्ये होती. खुल्या प्रिंटरमध्ये ती नसेल, आणि म्हणूनच तोटा भरून काढायला शाईही नसेल. बोर्ड, मोटर, सळया, डबा यांची पूर्ण किंमत पहिल्याच दिवशी ग्राहकाकडून घ्यावी लागणार. दुकानात चार-पाच हजारांत मिळणाऱ्या प्रिंटरशेजारी ठेवलं की हे यंत्र महागच दिसणार. दहा वर्षांच्या खर्चाची बेरीज करणारे ग्राहक थोडे असतात, आणि ज्याला आज सकाळी प्रवेशअर्ज छापायचाय त्याला ती करायला सांगणंही बरोबर नाही.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. ओपन टूल्सने आपल्या फाइलींसाठी जाहीर केलेला परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, पण 'बिगरव्यापारी' या अटीसह. स्वतःपुरतं बनवा, बदला, वाटा. विकायला मात्र परवानगी नाही. खुल्या हार्डवेअरची सर्वमान्य व्याख्या अशी अट मानत नाही, त्यामुळे काटेकोर अर्थाने हा खुला प्रिंटर ठरत नाही. चमूची भीती मला समजते. मेकरबॉट ही थ्रीडी प्रिंटरची कंपनी खुल्या रचनांवर वाढली आणि २०१२ मध्ये आपल्या रेप्लिकेटर २ ची रचना बंद ठेवून तिने अनेकांचा विश्वासघात केला. वर्षभर खपून केलेली रचना कुणी मोठा कारखाना उचलेल आणि मूळ चमू उपाशी राहील, हा धोका खराच आहे. पण रेपरॅप पसरलं ते विकायची मुभा होती म्हणून. गावोगावच्या माणसांनी किटं जोडली, विकली, त्यांत सुधारणा केल्या. बिगरव्यापारी अटीखाली तालुक्याच्या गावातला दुरुस्तीवाला असे दहा प्रिंटर जोडून शेजारच्या शाळांना विकू शकत नाही. आणि खुल्या प्रिंटरची खरी गरज असलेला, त्याला हातभार लावू शकणारा माणूस नेमका तोच आहे. रचना उचलून नेणाऱ्याने सुधारणाही उघड कराव्यात, एवढी अट मला पुरेशी वाटते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या इतिहासातही प्रिंटर आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरमध्ये 'कागद अडकला' असा निरोप पाठवणारी सोय जोडायची होती. मूळ प्रोग्रॅम मिळाला नाही. तो राग पुढे १९८३ च्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पापर्यंत गेला. म्हणजे सॉफ्टवेअर मोकळं करायची प्रेरणा पेपर जॅमने दिली, आणि चाळीस वर्षांनीही कागद ओढणारं यंत्र बंदच आहे.

आपल्याकडे हा प्रिंटर बनवायचा तर लगेच एक साधी अडचण येते. ६३ आणि ३०२ इथल्या दुकानांत सहज दिसत नाहीत. आपल्याला मिळतात ती एचपीची ६८०, ८०३, ८०५. घडण भावंडांसारखी वाटते, पण संपर्कबिंदू आणि इशारे तेच असतील असं धरून चालता येत नाही. तेव्हा मी सुरुवात तिथून करायची ठरवली आहे. झेरॉक्सवाल्याच्या टेबलाखाली ८०३ ची रिकामी कार्ट्रिज खोकाभर पडून आहेत. मल्टिमीटर घेऊन एकेका बिंदूमधला रोध मोजायचा, कोण कुणाशी जोडलेलं आहे त्याचा तक्ता करायचा, आणि मग चालू प्रिंटरवर लॉजिक अॅनालायझर, म्हणजे तारांवरचे इशारे टिपणारं यंत्र, लावून 'कर्तृत्वं' हा एकच शब्द छापताना काय काय इशारे येतात ते टिपायचं. तक्ता कुणालाही घेता येईल, वापरता येईल आणि विकताही येईल.